मानेचा बाक

आमच्या सरांनी आयुष्यात कोणाला सरळ नमस्कार केला असेल, असं मला वाटत नाही. समोरचा हात जोडेपर्यंत सरांची दहाही बोटं त्याच्या कानांखालून निघून, मानेवरून उतरत, गळ्याच्या हाडामागच्या खळगीपर्यंत जाऊन आलेली असत. समोर बाई असली तर आधी एकच शब्द विचारत, "मान?" तिनं होकार दिला की मगच हात. शेवटी खांद्यावर दोन थापा आणि मोठ्यानं निकाल, "पास!" मग कसे आहात, मुलं काय करतात वगैरे. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मार खाल्ला असता. पण सर साठीला टेकलेले, डोक्यावर केस नावापुरते, आणि मान चाचपताना चेहऱ्यावर आंबा पिकलाय की नाही ते बघणाऱ्या माणसाचा भाव. त्यामुळे लोक सहन करत.

रायपूरच्या एका सरकारी दवाखान्यात मी त्यांच्याकडे नोंदी ठेवायला लागले. पहिल्याच दिवशी माझी मान पास झाली. मी म्हटलं, "सर, नोकरीची तपासणी झालीय माझी." सर म्हणाले, "हव, पण ते लोक छाती बघतात. छाती काय, कोणीही बघतो."

सरांचं सगळं भांडण या छातीशी होतं. क्षयाचं नाव काढलं की लोकांना खोकला आठवतो, फुफ्फुसं आठवतात. पण ही बया केस आणि नखं सोडून अंगात कुठेही बिऱ्हाड थाटते; मानेच्या गाठीत, पाठीच्या मणक्यात, आतड्यात, गुडघ्यात, मेंदूच्या आवरणात. फुफ्फुसं सोडून बाकी सगळं अंग सरांकडे. फुफ्फुसवाल्यांचा विभाग व्हरांड्याच्या पलीकडे होता. त्यांच्याकडे माणसं जास्त, पंखे जास्त, आणि भिंतीवर खोकणाऱ्या माणसाचं मोठं चित्र. सरांनी त्या चित्राखाली आपल्या हातानं एक कागद चिकटवला होता, "खाँसी नहीं है? तो इधर आइए।" आणि आमच्या दाराकडे बाण. त्या बाणामुळे दातदुखीवाले, चष्म्याचा नंबर वाढलेले, रस्ता विसरलेले असे सगळे आमच्याकडे यायचे. सर कोणालाही परत पाठवत नसत. मान पास करून मगच दातांच्या खोलीचा रस्ता सांगत.

छातीतल्या पाण्याच्या पेशंटवरून तर दोन विभागांत सीमावाद होता. फुफ्फुसाच्या भोवतीच्या पडद्यात पाणी झालेला पेशंट कोणाचा? पलीकडचे म्हणायचे, छाती म्हणजे आमची. सर व्हरांड्यात उभे राहून ओरडायचे, "पडदा फुफ्फुसाच्या बाहेर आहे! कंपाउंडची भिंत कधी घरात मोजता का?" तो बिचारा पेशंट आपली फाइल छातीशी धरून दोघांच्या मधे उभा असायचा.

सरांचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपूरहून इकडे आलेलं. त्यामुळे त्यांची मराठी जपून ठेवलेली, पण पोचे आलेली. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, हिंदीत वळायचं आणि कोणी पटण्यासारखं बोललं की "हव" करून छत्तीसगढीत संपायचं. आम्ही त्यामानानं कालचे. माझे बाबा भंडाऱ्याकडचे, रेल्वेतल्या नोकरीनं इथे आलेले. घरात "काहून" आणि "करून राहिलो" चालायचं, ते ऐकून सर खूश व्हायचे.

पण सरांची खरी करामत म्हणजे बाक. आमच्या विभागात पेशंटांना रांग नव्हती, अवयवाप्रमाणे बाक होते. खिडकीजवळचा एक नंबर मानेचा. दोन नंबर पाठीचा. संपूर्ण दवाखान्यात टेकायला पाठ असलेला तेवढाच एक बाक, तो सरांनी वरिष्ठांच्या खोलीबाहेरून भर दुपारी उचलून आणला होता. तीन नंबर पोटाचा, तो संडासाच्या जवळ, कारण उघड आहे. चार नंबर हाडं-सांध्यांचा. पेशंटही एकमेकांना त्याच नावानं ओळखू लागले होते. "भैया, मैं गर्दन हूँ, वो पीठ वाली दीदी मेरे बाद आई है," अशी भांडणं रोज माझ्या टेबलाशी यायची.

नोंदी आता संगणकावर जात होत्या. पण सर म्हणायचे, "त्यात वाचून काही कळत नाही. इथे दारात उभी राहा आणि बघ." मी दारात उभी राहून बघायला शिकले. मानेच्या बाकावर बहुतेक तरण्या मुली, भर उन्हाळ्यातही ओढणी गळ्याभोवती घट्ट. पाठीच्या बाकावर मालिश, पट्टा आणि नवी गादी हे सगळं करून थकलेली माणसं. पोटाच्या बाकावर वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन काडी झालेली माणसं. सगळेच आधी भलतीकडे जाऊन आलेले. त्यामुळे सरांचा पहिला प्रश्न "काय होतंय" असा नसायचा, "कुठे कुठे जाऊन आलात?" असा असायचा. पेशंटनं आठवून आठवून यादी सांगायची आणि सर प्रत्येक नावाला मान डोलवायचे.

चार नंबरच्या बाकावर भनपुरीचा एक ट्रक मेकॅनिक दोन महिने एकटाच बसत होता. गुडघा सुजलेला. मान-बाकावर हास्यविनोद चाललेला, पोट-बाकावर पथ्याची चर्चा, आणि हा एकटा. मला म्हणायचा, "दीदी, मुझे पीठ में बिठा दो, यहाँ मन नहीं लगता।" सर ऐकेनात. एके दिवशी घोट्याचा एक पेशंट आला, तर मेकॅनिक लंगडत बाहेर जाऊन सगळ्या विभागासाठी जलेबी घेऊन आला. कोणाच्या आजाराचं इतकं स्वागत मी पुन्हा पाहिलं नाही.

सरांना राग एकाच गोष्टीचा होता, गुदगुल्यांचा. गोल बाजारात त्यांचा एक ओळखीचा भांडीवाला होता. त्याच्या मानेला बोट लागलं की तो परातींवर आडवा व्हायचा. तीन वर्षं त्याची एक बाजू पास आणि दुसरी शिल्लक होती. "निदानातलं सर्वांत मोठं विघ्न म्हणजे गुदगुल्या," सर म्हणायचे. "शिकल्यासवरल्या माणसाला होता कामा नयेत."

अशा माणसाला मी माझ्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, बोलावलं. न बोलावून करते काय?

मुलगा भिलाईचा, प्लांटमध्ये नोकरीला. आम्ही दोनदाच भेटलो होतो. दुसऱ्या भेटीत त्यानं मी काम काय करते ते विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत मधे बोलला नाही. मला तो तेवढ्यानंच आवडला होता. समता कॉलोनीतला हॉल घेतला होता. बुद्धवंदना झाली, अंगठ्या घालून झाल्या, आणि सर प्रेशर कुकरचं खोकं काखेत धरून स्टेजवर आले. माझी मान पास केली. मग मुलाकडे वळले. मी त्याला आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यानं हसत हसत मान पुढे केली.

उजवी बाजू झाली. डाव्या बाजूला सरांची बोटं थांबली.

ते थांबणं मी रोज बघत होते. बोटं मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. सरांनी डोळे मिटले. फोटोवाला ओरडत होता, "सर, इधर देखिए, स्माइल!" शेवटी सरांनी हात काढला. खांद्यावर थापा नाहीत, "पास" नाही. म्हणाले, "सोमवारी दहाला या. बाक नंबर एक." आणि कुकर माझ्या हातात देऊन विचारलं, "जेवण कुठे आहे?"

पुढे जे झालं ते मला आता हसू येतं म्हणून सांगते. तेव्हा मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. मुलाच्या आईनं विचारलं, "काहून जी? सोमवारी काय आहे?" कोणीतरी सांगितलं की हे टीबीचे डॉक्टर. झालं. "बाप्पा बाप्पा! माह्या पोराले टीबी? आमच्या खानदानात कोणी साधं खोकलत नाही!" मुलाचे मामा पुढे झाले. मामा म्हणजे त्या घरातली शेवटची अदालत. त्यांनी मुलाला दरडावलं, "खोक!" तो खोकला, पण मनापासून आलं नाही. मामांचं समाधान झालं नाही. त्यांनी स्टेजच्या कमानीचे उरलेले फुगे मागवले आणि म्हणाले, "फुगव. दाखव या लोकाइले."

आणि माझा होणारा नवरा, सूट घातलेला, अंगठी बोटात, दोनशे माणसांसमोर फुगे फुगवू लागला. पहिला फुगला. दुसरा फुगला. तिसरा इतका फुगला की फुटला. मुलाकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा सरांकडे वळून म्हणाले, "पाहा! इंजिन फर्स्ट क्लास आहे पोट्ट्याचं!" सर गुलाबजाम खात होते. म्हणाले, "हव, फुगे छान फुगवतो. पण फुफ्फुसाबद्दल मी काही बोललो का?"

मुलाकडचे लोक आइस्क्रीम न खाता निघून गेले. आमच्यात याहून मोठा निषेध नसतो. बाबा माझ्यावर घसरले, "तुह्या सरले काहून बोलावलं वं तू? माणसं आशीर्वाद द्यायले येतात, हा माणूस गाठी शोधून राहिला!"

रविवारी कोणाचा फोन नाही. सोमवारी मी टेबलाशी बसून दाराकडे बघत होते. दहा वाजता तो आला. एकटा, गळ्याभोवती गमछा गुंडाळून. मला बघून कावराबावरा झाला आणि लाजेनं जाऊन पोटाच्या बाकावर बसला. सर आतून ओरडले, "दुल्हेराजा, आपकी बारात इधर है!" मानेच्या बाकावरच्या पाचही मुली सरकल्या आणि त्यांनी त्याला टोकाला जागा करून दिली. गुडघ्यांवर हात ठेवून तो शाळेतल्या मुलासारखा बसला. मला त्याची फार दया आली, आणि सरांचा फार राग.

सुईनं गाठीतलं पाणी काढून तपासायला गेलं. छातीचा फोटो स्वच्छ. चार दिवसांनी गाठीचा निकाल आला. क्षयच. दोन महिन्यांपासून गाठ होती, तो म्हणाला. दाढीची पुळी समजून आई हळदीचा लेप लावत होती. खोकला नाही म्हटल्यावर कोणाला काही वाटलं नाही.

नोंद करायला सर स्वतः बसले होते. मी म्हटलं, मी लिहिते. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. तो विचारावा लागला नाही. जागा: मान, डावी बाजू. शेवटचा रकाना असतो, जवळच्या माणसाचं नाव. मी मान वर न करता विचारलं. म्हणाला, "आईचं लिहा. सध्या."

घरी बाबांनी विषय काढला. ते शांतपणे बोलत होते, तेच जास्त वाईट होतं. "मोडून टाकू. आपल्याले कोणी नाव नाही ठेवणार. लागत नाही, बरी होते, सगळं मले समजते. पण लोकाइले काय सांगू?" खरं सांगते, मीही डगमगले. दिवसभर पेशंटांना छातीठोकपणे सांगायचं की मानेची गाठ कोणाला लागत नाही, सहा महिने गोळ्या घ्या, ठणठणीत व्हाल. आणि घरी येऊन मला झोप लागेना. आपण इतक्या खोट्या आहोत हे मला माहीत नव्हतं. 

मी सरांना विचारलं. वाटलं, मोठं माणूस आहे, दोन शब्द सांगेल. सर म्हणाले, "मी गाठ बघतो. लग्न माझ्या विभागात येत नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "विचार करायचा तर एक नंबरवर बसून कर. खिडकी आहे, हवा येते."

मी खरंच जाऊन बसले. मुलींनी सरकून जागा दिली. त्यांच्यात एक बी.एड. करणारी होती, हसरी, गळ्यावर गाठ फुटल्याची आडवी खूण असलेली. ती खूण ती ओढणीच्या दोन वेढ्यांखाली ठेवायची. तिनं अगदी सहज विचारलं, "दीदी, मेरा तो उन लोगों ने फोन पर ही तोड़ दिया था। आप क्या करोगी?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पाच ओढण्या माझ्याकडे वळल्या.

मी म्हटलं, "नवंबर में शादी है। तुम सबको आना है।"

वाक्य आधी तोंडातून निघालं आणि निर्णय नंतर झाला. उठून टेबलाशी गेले, त्याच्या नोंदीतलं आईचं नाव खोडलं आणि तिथे माझं लिहिलं. घाईत अक्षर फारच घाण आलं. सर मागे उभे होते. म्हणाले, "खाडाखोड केली की बाजूला सही करायची असते." मी सही केली.

बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. भिलाईकडूनही अबोला. मग एका सकाळी होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला, आवाज रडवेला. "पोरी, तुले राग आला असंल, पण दुसऱ्या कोणाले विचारू? पोट्ट्याची लघवी नारिंगी होऊन राहिली! पुरी नारिंगी!" गोळ्यांनी तसं होतं, घाबरायचं काही नाही, हे आम्ही प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशी सांगतो. यालाही सांगितलं होतं, पण आईला हे कसं सांगायचं म्हणून तो गप्प बसला होता. मी समजावून सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आन् साक्षगंधाच्या दिवशी आइस्क्रीम कोणतं होतं वं?"

पुढच्या तपासणीला त्या मुलाबरोबर स्वतः आल्या, सरांना चार शब्द सुनावायच्या तयारीनं. सरांनी विचारलं, "मान?" त्या गडबडून हो म्हणाल्या, आणि पास झाल्या. पास झालेल्या माणसाला भांडता येत नाही. त्या एक नंबरवर जाऊन बसल्या आणि शेजारच्या मुलींची चौकशी करू लागल्या. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचं ठरता ठरता राहिलं, कोणाला घरात वेगळं ताट दिलं. त्या दिवशी परत जाताना मला एवढंच म्हणाल्या, "माहा पोरगा म्हणून तू राहिली. माही पोरगी असती तं?"

तेव्हापासून त्या बाकाच्या हेडबाई झाल्या. महिन्यातून एकदा मुलाच्या तपासणीची पाळी असायची, पण बाई मधेच भिलाईहून एकट्याच बस पकडून यायच्या. कोणी गोळी चुकवली की तिची खैर नसायची. सरांनी त्यांना मान चाचपायलाही शिकवलं. "कानामागून सुरू, घाई नाही, बोट दाबायचं नाही, फिरवायचं." सहा महिन्यांत त्या बाईंचा हात सरांच्या खालोखाल तयार झाला.

नोव्हेंबरात लग्न झालं, त्याच हॉलमध्ये. मान-बाकाच्या पाचही मुली आल्या. बी.एड.वाली साडी नेसून आली होती, केस वर बांधलेले, खूण सगळ्यांना दिसेल अशी. मी तिला पाहिलं आणि मला रडू आलं. लोकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडते.

मग सर स्टेजवर आले. या वेळी दुसरं खोकं, पण आत पुन्हा कुकरच. वाढणारे वाढायचे थांबले. मामा खुर्चीवरून उठून उभे राहिले. सरांनी माझ्या नवऱ्याची उजवी बाजू पाहिली. डावी बाजू पाहिली. पुन्हा डावी पाहिली. मला वाटलं, आता माझा जीव जातो. मग खांद्यावर दोन थापा. "पास!"

काय टाळ्या पडल्या! मामांनी कमानीचा एक फुगा हातानंच फोडला. बाबांनी सरांचा हात धरला आणि स्वतःच आपली मान पुढे केली.

सर उतरायला लागले, तर सासूबाई आडव्या आल्या.

"सर, तुमची मान पाह्यली का कधी कोणं?"

सर थबकले. "माझी? माझी कशाला?"

"मान?" सासूबाईंनी एकच शब्द विचारला.

सरांनी मागे पाहिलं, बाजूला पाहिलं. दोनशे माणसं बघत होती. हळूच त्यांनी होकार दिला आणि हात जोडून उभे राहिले, नमस्कार केल्यासारखे. सासूबाईंची बोटं कानाखाली लागली मात्र, सरांचे खांदे वर गेले, मान खांद्यात गेली आणि तोंडातून एक बारीक किंकाळी निघाली. सर वाकले, वळले, "अरे नको, थांबा, दीदी, थांबा" करत हसत सुटले. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी मात्र हात काढला नाही. हसून हसून सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी त्यांनी एका हातानं त्यांचा दंड धरून, घाई न करता, उजवी बाजू पाहिली, डावी बाजू पाहिली, आणि मग खांद्यावर दोन थापा देऊन पंगतीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"पास हाय जी!"